भूमध्य समुद्रातली पहिली क्रूझ: आधी बंदरं निवडा, मग जहाज

क्रूझचं बुकिंग करायला बसलं की समोर जहाजच येतं. किती मजली आहे, पोहण्याचे तलाव किती, थिएटर केवढं, मुलांसाठी घसरगुंडी आहे का. कुठल्या बंदरांना जाणार, ती नावं खाली एका ओळीत उरकलेली असतात. भूमध्य समुद्रात पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा असं मला मनापासून वाटतं. इथे जहाज बहुतेक रात्री चालतं आणि दिवसा बंदराला लागलेलं असतं. सात रात्रींच्या सहलीत पूर्ण दिवस समुद्रावर जातो असा एखादाच. बाकी रोज सकाळी नवं गाव, हातात सात-आठ तास आणि संध्याकाळी परत. सहल कशी झाली हे त्या तासांवर ठरतं.

म्हणून पैसे भरण्याआधी प्रत्येक बंदराबद्दल एकच गोष्ट शोधा: जहाजातून उतरल्यावर जे बघायचंय ते किती लांब आहे?

मार्ग कसा निवडायचा

जाहिरातीत ‘रोम’ लिहिलेलं असतं. जहाज लागतं ते चिविताव्हेक्किया नावाच्या बंदरात आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो बंदर. तिथून फ्लोरेन्सला ट्रेनने जायला दीड तास धरा. ‘व्हेनिस’च्या नावावर विकल्या जाणाऱ्या सहली बऱ्याचदा मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाहून सुटतात, कारण १ ऑगस्ट २०२१पासून मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरच्या पाण्यातून जायला बंदी आहे. मार्सेयमध्ये क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे.

याउलट माल्टाचं व्हॅलेटा, ग्रीसचं ऱ्होड्स, माँटेनेग्रोचं कोटोर, सिसिलीतलं पालेर्मो. इथे जहाजातून उतरून चालत निघालं की पाच-दहा मिनिटांत जुनं गाव लागतं. ही गावं समुद्राकडे तोंड करून वसलेली आहेत. शेकडो वर्षं लोक इथे जहाजानेच आले, आणि जहाजाने गेल्यावर ती जशी दिसतात तशी विमानतळावरून टॅक्सीने गेल्यावर दिसत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: रोम आणि फ्लोरेन्स बघायचं तर तिथे जाऊन राहा. क्रूझ करायची ती बेटांसाठी आणि समुद्राकाठच्या गावांसाठी.

साधारण तीन प्रकारचे मार्ग मिळतात. पश्चिमेकडचा: बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, चिविताव्हेक्किया, नेपल्स किंवा पालेर्मो, कधी व्हॅलेटा, कधी पाल्मा. पूर्वेकडचा: अथेन्सचं पिरेयस बंदर, मिकोनोस, सँटोरिनी, ऱ्होड्स, तुर्कस्तानातलं कुशादासी. आणि एड्रिॲटिक समुद्रातला: डुब्रोव्हनिक, स्प्लिट, कोटोर, कॉर्फू. सगळ्यात जास्त जहाजं, म्हणून बहुतेक वेळा सगळ्यात कमी भाडं, पश्चिमेच्या मार्गावर असतं.

पश्चिमेचाच मार्ग घेतलात तर एक युक्ती जरूर करा. एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांची जहाजं इथे गोल फेरी मारतात आणि वाटेतल्या वेगवेगळ्या बंदरांवरून चढता येतं. बार्सिलोनाहूनच सुरुवात केली पाहिजे असं नाही. चिविताव्हेक्कियाहून चढा आणि त्याआधी दोन-तीन रात्री रोममध्ये राहा. म्हणजे रोम निवांत होतं, आणि रोमसाठी म्हणून मिळणारे ते अपुरे सात तास वायाही जात नाहीत, कारण तोच तुमचा जहाजात चढण्याचा दिवस असतो. व्हिसासाठीही हे सोयीचं पडतं, ते पुढे येईलच.

कधी जायचं

मे, जूनचे पहिले दोन आठवडे, सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. मुलांची शाळा असेल तर आपली मे महिन्याची सुट्टी अगदी योग्य वेळी येते. दिवाळीच्या सुट्टीतही जाता येतं. समुद्र थोडा खवळलेला असू शकतो, पण गर्दी ओसरलेली असते.

जुलै-ऑगस्ट टाळा. आपल्याला उकाड्याची सवय आहे म्हणून चालेल, असं समजू नका. तिथे उघड्या संगमरवरावर, सावलीशिवाय, दुपारी दोन वाजता फिरायचं असतं. गेल्या काही उन्हाळ्यांत अथेन्समधलं ॲक्रोपोलिस उष्णतेच्या लाटेमुळे ऐन दुपारी बंद ठेवावं लागलं आहे. शिवाय याच दोन महिन्यांत एजियन समुद्रात ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा जोरात असतो. तो वाढला की मिकोनोस किंवा सँटोरिनीला न थांबता जहाज पुढे निघून जातं. कप्तानाला तो अधिकार असतो आणि त्याबद्दल भाड्यातले पैसे सहसा परत मिळत नाहीत. एका बेटासाठी सगळी सहल ठरवत असाल तर हे लक्षात असू द्या.

व्हिसा: इथे घाई नको

भारतीय पासपोर्टवर सगळ्यात जास्त अडचणी इथे येतात, म्हणून सविस्तर सांगतो.

स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा, ग्रीस हे शेंगेनमधले, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय गटातले देश. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवशी तिथे युरो सुरू झाला, त्यामुळे डुब्रोव्हनिकसाठी वेगळा व्हिसा लागतो असं सांगणारी जुनी माहिती विसरा. तुर्कस्तान, माँटेनेग्रो, ट्युनिशिया, सायप्रस मात्र शेंगेनच्या बाहेर. मार्गात यातलं एकही बंदर असेल तर तिथे जाऊन परत शेंगेनमध्ये येताना तुमचा दुसरा प्रवेश होतो. म्हणून अर्ज करतानाच ‘मल्टिपल एन्ट्री’ मागा. सगळी बंदरं शेंगेनमधली असली तरी काही कंपन्या मल्टिपलचाच आग्रह धरतात.

कुठल्या देशाकडे अर्ज करायचा? जिथे सगळ्यात जास्त दिवस जाणार तिथे. दिवस सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार तिथे. रोममध्ये आधी तीन रात्री राहून मग जेनोआ आणि नेपल्सला जाणारी क्रूझ घेतली की उत्तर सरळ येतं: इटली. बार्सिलोनात राहून चढणार असाल तर एकेका देशाचे दिवस कागदावर मोजून बघा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आणि नियमाने कमीत कमी पंधरा दिवस आधी करावा लागतो. पंधरा दिवसांवर विसंबून राहू नका. मे महिन्याच्या सहलीसाठी मुंबई-पुण्यातल्या अपॉइंटमेंट लवकर भरतात. तीन महिने आधी कागद तयार हवेत. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, त्यावर व्हिसा केंद्राचे पैसे वेगळे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा, आणि दोन कोरी पानं असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तो घेताना क्रूझ, जहाज चुकणं आणि समुद्रावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे का, हे विचारून घ्या. कागदांत क्रूझचं पक्कं बुकिंग आणि बंदरनिहाय वेळापत्रक जोडा.

तुर्कस्तानचं काय? चालू शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तिथला ई-व्हिसा मिळतो. फक्त दिवसभरासाठी उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांना वेगळा नियम लागू होऊ शकतो. तुमच्या सहलीसाठी नक्की काय लागेल ते क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. कागद अपुरा असेल तर तुम्हाला पहिल्याच बंदरावर चढू न देण्याचा अधिकार कंपनीला असतो.

केबिन आणि खरा खर्च

केबिन तीन प्रकारची: खिडकी नसलेली आतली, खिडकीची आणि बाल्कनीची. दिवसभर बाहेर असणाऱ्यांना आतली पुरते, आणि वाचलेल्या पैशांत एक जास्तीची रात्र रोम किंवा बार्सिलोनात निघते. पण आई-बाबा सोबत असतील तर त्यांच्यासाठी बाल्कनी घ्या. ज्या बंदरात उतरायचा उत्साह नसेल तिथे ते बाल्कनीत बसून अख्खं बंदर बघू शकतात. बोट लागते अशा माणसाने जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात. आलेपाक जवळ असू द्या आणि गोळ्या डॉक्टरांना विचारून इथूनच न्या.

जाहिरातीतल्या भाड्यावर काय काय चढतं ते आधी लिहून काढा. बंदर कर असतो. सेवाशुल्क माणशी, रोजचं असतं. युरोपीय कंपन्यांत साधारण दहा-बारा युरो, अमेरिकी कंपन्यांत त्याहून जास्त, आणि काही ठिकाणी ते भाड्यातच धरलेलं असतं. मग पेयं, वायफाय, बंदरातल्या सहली. युरोपीय जहाजांवर मुख्य जेवणघरात टेबलावर आलेल्या पाण्याच्या बाटलीचेही पैसे लागतात. बफेतल्या मशीनचं पाणी फुकट असतं. दारू न पिणाऱ्या घराने पेयांचं मोठं पॅकेज घेऊ नये. फक्त पाण्याचं किंवा मुलांसाठी बिनदारूचं पॅकेज मिळतं. ग्रीसने २१ जुलै २०२५पासून क्रूझ प्रवाशांवर उतरण्याचं शुल्क लावलं आहे: जून ते सप्टेंबर या काळात सँटोरिनी आणि मिकोनोससाठी माणशी २० युरो, इतर बंदरांना ५. ते तुमच्या बिलात येतं.

जहाजावरच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. फॉरेक्स कार्ड जोडलं तर अनामत म्हणून बरीच रक्कम अडकून पडते आणि ती मोकळी व्हायला वेळ लागतो. भारतातून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा कर, कापला जातो. पावती ठेवा, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

जेवण आणि सामान

शाकाहारी, जैन, कांदा-लसूण नको, अशी नोंद बुकिंगच्या वेळीच करा आणि जहाजावर पहिल्याच संध्याकाळी जेवणघराच्या मुख्य व्यवस्थापकाला भेटून पुन्हा सांगा. दुसऱ्या दिवशीचा पदार्थ आदल्या रात्री सांगून ठेवला तर स्वयंपाकघर आनंदाने करून देतं. या जहाजांवर भारतीय कर्मचारी खूप असतात, त्यांत गोव्याचे आणि मुंबईचे पुष्कळ. गोव्यात तर बोटीवर नोकरी करणारा ‘तारवटी’ घरोघरी आहे. नावाच्या पट्टीवर देशाचं नाव लिहिलेलं असतं. ते बघून दोन शब्द मराठीत किंवा कोंकणीत बोला. घरापासून आठ-नऊ महिने लांब असलेल्या माणसाला त्याचं फार मोल असतं.

रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतात. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी असतील तर पहिली पाळी मागून घ्या.

इस्त्री, पाणी तापवायची किटली, इंडक्शन, छोटा राईस कुकर हे नेऊ नका. आगीच्या भीतीने ते तपासणीत काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. गोल पिनेचा ॲडॉप्टर मात्र हवाच. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, म्हणून पेढे, खवा, तूप घरीच ठेवा. चिवडा, चकली, मेतकूट, कोरड्या चटण्या बंद पाकिटातल्या असल्या की झालं.

जहाजावर एक-दोन संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालण्याच्या असतात. साडी किंवा झब्बा-कुर्ता तिथे उठून दिसतो, सूट घेण्याची काही गरज नाही. पायात मात्र घट्ट पकडीचे, वापरून मऊ झालेले बूट हवेत. कुशादासीजवळच्या एफेसस या प्राचीन शहराचा संगमरवर झिजून गुळगुळीत झालेला आहे आणि व्हॅलेटात रस्त्यांनाच पायऱ्या आहेत. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. एक ओढणी पिशवीत टाकली की काम होतं.

चढण्याचा दिवस

भारतातून निघणारं विमान जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी तरी पोहोचलं पाहिजे. त्याच दिवशी पोहोचण्याचा जुगार खेळू नका. जहाज तुमच्या विमानासाठी थांबत नाही.

घरूनच ऑनलाइन चेक-इन करून पास आणि सामानाच्या चिठ्ठ्या छापून घ्या. मोठ्या बॅगा धक्क्यावरच देऊन टाकायच्या, त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. त्यामुळे पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा.

मग सुरक्षेची कवायत. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की तुम्हाला नेमून दिलेल्या जागी जमायचं. हे गांभीर्याने करा. १३ जानेवारी २०१२च्या रात्री कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकाला घासलं आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चिविताव्हेक्कियात चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि नव्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं सक्तीचं झालं. केबिनपासून जमायच्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून बघा, मुलांनाही न्या.

मोबाइल लगेच फ्लाइट मोडवर टाका. समुद्रावर गेल्यावर फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो. ते नेटवर्क तुमच्या युरोपच्या रोमिंग पॅकमध्ये धरलेलं नसतं आणि काही मिनिटांत हजारोंचं बिल येतं. बंदरात उतरल्यावर फ्लाइट मोड काढायचा, परत चढताना पुन्हा लावायचा.

बंदरात उतरल्यावर

घड्याळापासून सुरुवात करू. ‘परत येण्याची वेळ’ सुटण्याच्या अर्धा तास तरी आधी असते, आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. ग्रीस इटलीच्या एक तास पुढे आहे. वेळ बदलणार असेल तर आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात तसं लिहिलेलं असतं. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा.

जहाजाची सहल घ्यायची की स्वतः जायचं? जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरात पोहोचवते. स्वतः गेलात आणि उशीर झाला तर पुढचं बंदर तुम्ही तुमच्या खर्चाने गाठायचं. यावरून मी एक सोपा नियम धरतो. गाव धक्क्याला लागून असेल तर स्वतः जावं. गाव लांब असेल आणि रस्ता किंवा ट्रेन एकच असेल तर जहाजाची सहल घ्यावी. मधल्या अंतरासाठी ट्रेन वारंवार आहे का ते बघावं. आणि कुठेही गेलात तरी परतीच्या वेळेच्या दोन तास आधी बंदराच्या गावात असावं.

आता काही बंदरं, पहिल्यांदा जाणाऱ्याच्या सोयीने.

व्हॅलेटा. इथे जाणार असाल तर त्या दिवशी पहाटे उठा. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरताना दोन्ही बाजूंनी मधाच्या रंगाचे तट आणि बुरूज अंगावर येतात. १५६५मध्ये ऑटोमन आरमाराने याच बंदराला वेढा घातला होता आणि तो उठल्यावर पुढच्या वर्षी व्हॅलेटाची पायाभरणी झाली. ज्यांनी जंजिरा किंवा सिंधुदुर्ग प्रेमाने बघितलाय, त्यांना हा दिवस कमी पडेल. धक्क्यापासून चालत निघा, लिफ्टने ५८ मीटर वर अप्पर बराक्का बागेत जा. आई-बाबांचे गुडघे वाचतात. दुपारी बारा वाजता खालच्या तोफखान्यातून तोफ उडते. सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोने १६०८मध्ये रंगवलेलं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ आहे, त्याने सही केलेलं एकमेव चित्र. मात्र रविवारी ते पर्यटकांना बंद असतं, तेव्हा वार बघून ठेवा. वेळ उरला तर छोट्या होडीने पलीकडच्या बिरगूला जा. इथे इंग्रजी सगळ्यांना येतं आणि वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, म्हणून पहिल्यांदा एकट्याने फिरायला याहून चांगलं बंदर नाही.

नेपल्स. धक्का शहराच्या मध्यावर, जुन्या किल्ल्यासमोर. बहुतेक जण पॉम्पेईला धावतात. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं हे शहर बघायलाच हवं, पण ते प्रचंड मोठं आहे आणि सावली नाही. नोव्हेंबर २०२४पासून तिथे दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे, तिकीट आधी काढावं लागतं. बंदराजवळच्या मुनिचिपिओ मेट्रो स्टेशनवरून गारिबाल्दी, तिथून चिरकुमव्हेसुव्हियाना ट्रेनने चाळीसेक मिनिटं. लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा कमी वेळ असेल तर मी त्याच ट्रेनने अलीकडे उतरून एरकोलानो, म्हणजे हर्क्युलेनियमला जा असं सांगेन. ते लहान आहे, दोन-अडीच तासांत होतं, आणि तिथे जळून कोळसा झालेली लाकडी तुळई, दारं, माड्या अजून जागेवर आहेत. परत येऊन मार्गेरीता पिझ्झा खा. शाकाहारी माणसाला इतकं साधं आणि इतकं भरपेट जेवण युरोपात क्वचित मिळतं. ट्रेनमध्ये खिसे सांभाळा. आणि निघण्याआधी त्या दिवशी रेल्वेचा संप नाही ना, हे बघा. इटलीत संप आधी जाहीर होतात, त्यामुळे हे कळतं.

सँटोरिनी. इथे जहाज धक्क्याला लागत नाही. ज्वालामुखीच्या मुखात साचलेलं हे पाणी इतकं खोल आहे की जहाज मधेच उभं राहतं आणि लहान टेंडर बोटींनी खालच्या जुन्या बंदरात आणून सोडतात. फिरा हे गाव वर कड्यावर. वर जायला केबल कार, ५८८ पायऱ्या किंवा गाढवं. गाढवांवर बसू नका; भर उन्हात तीच चढण ती दिवसभर चढत असतात. केबल कारची रांग सकाळी चढताना लागते आणि संध्याकाळी उतरताना त्याहून मोठी लागते, म्हणून परतीसाठी दीड तास हाताशी ठेवा. इया गावचा प्रसिद्ध सूर्यास्त बघून वेळेत परत येणं क्रूझच्या प्रवाशांना बहुतेक जमत नाही, तो हट्ट सोडा. त्याऐवजी फिराहून कड्याच्या काठाकाठाने फिरोस्तेफानी आणि इमेरोव्हिग्लीपर्यंत चालत जा. तेच निळं पाणी, तीच पांढरी घरं, आणि पावलागणिक पातळ होत जाणारी गर्दी. ज्यांना चालवत नाही किंवा व्हीलचेअर लागते, त्यांना टेंडरमध्ये घेतील की नाही ते त्या दिवशीच्या लाटांवर ठरतं. हे घरातल्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही.

पिरेयस. अथेन्स दहा किलोमीटरवर. मेट्रोच्या हिरव्या मार्गाने मोनास्तिराकी वीसेक मिनिटांत, पण धक्क्यापासून स्टेशन लांब आहे, तिथवर बस किंवा टॅक्सी करा. ॲक्रोपोलिसचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. सकाळची पहिली वेळ घ्या.

कुशादासीहून एफेसस वीस किलोमीटरच्या आत आहे आणि तिथे जहाजाची सहल घेतलेली बरी. वरच्या दारातून आत शिरून खालच्या दारातून बाहेर पडायचं, म्हणजे सगळी वाट उताराची होते. ऱ्होड्सला काहीच ठरवू नका. तटाच्या आत शिरा आणि भटका. डुब्रोव्हनिकला जहाज ग्रुझला लागतं, जुनं गाव तीन किलोमीटरवर. दोन किलोमीटरला थोडा कमी असलेला तट सकाळी लवकर चढा. कोटोरला तर खरा कार्यक्रम बंदराच्या आधीच असतो. जहाज डोंगरांमधल्या अरुंद खाडीतून तासभर आत येत राहतं, तेव्हा नाश्ता सोडून डेकवर उभे राहा.

मार्सेयबद्दल थोडं वेगळं. आपल्या शाळेच्या पुस्तकातलं मार्सेलिस ते हेच. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी याच बंदरात उडी मारली, आणि फ्रेंच भूमीवर झालेल्या त्या अटकेचा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला. मराठी माणसाची पावलं इथे थोडी हळू पडतात, ते साहजिक आहे. शहराच्या दक्षिणेला माझार्ग इथे पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आणि दफनभूमी आहे. टॅक्सीने जाऊन यायला वेळ पुरतो. नाहीतर शटलने जुन्या बंदरात या आणि टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चवरून समुद्र बघा.

बार्सिलोनात साग्रादा फामिलिया चर्चचं तिकीट घरूनच काढा, दारावर जाऊन मिळण्याची आशा धरू नका. आणि ला रांब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर फोन मागच्या खिशात ठेवू नका.

उतरण्याची तयारी

शेवटच्या संध्याकाळी रंगीत चिठ्ठ्या मिळतात. त्या लावून मोठ्या बॅगा रात्री केबिनबाहेर ठेवायच्या; सकाळी त्या टर्मिनलवर रंगाप्रमाणे मांडलेल्या सापडतात. सकाळी घालायचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट बॅगेत जाणार नाहीत याची रात्रीच खात्री करा. ज्या जहाजांवर पासपोर्ट जमा करून घेतात, तिथे तो कधी परत मिळणार तेही त्याच संध्याकाळी विचारा.

जहाजाचं बिल शेवटच्या रात्रीच ओळ न ओळ तपासा. न घेतलेलं पेय किंवा दोनदा लागलेली सहल दिसली तर तेव्हाच स्वागतकक्षात जा. सकाळी तिथे मोठी रांग असते आणि उतरल्यावर ईमेल करत बसावं लागतं.

परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या. चिविताव्हेक्कियाहून रोमच्या विमानतळावर जायचं असेल तर दोनच्या आधीचं नकोच. बार्सिलोनात विमानतळ शहराला लागून आहे, तिथे बाराचं चालेल. उतरण्याची वेळ गटागटाने दिलेली असते. विमान लवकरचं असेल तर आदल्या दिवशी सांगून पहिल्या गटात नाव घालून घ्या.